भोपळा खरा, गाडी खरी, फोटो मात्र थाप

घोडागाडीत मक्याची दोनच कणसं आहेत आणि तेवढ्यानंच गाडी भरली आहे. शेजारी टोपी घातलेला शेतकरी कंबरेवर हात ठेवून उभा. दरसाल एवढंच पिकतं, त्यात काय विशेष, असा त्याचा चेहरा. खाली इंग्रजीत ‘आमच्या भागात पीक असं येतं’ अशा अर्थाची एक ओळ. कार्ड साधारण 1909 सालचं, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं. फोटोशॉप बाजारात आलं 1990 साली, म्हणजे त्याला अजून 80 वर्षं होती.

ही झाली ट्रिक फोटोची पोस्टकार्डं. राक्षसी भोपळे, मासे, ससे; स्वतःचंच मुंडकं ताटात घेऊन बसलेला माणूस; एका टेबलाभोवती बसलेले पाच जण आणि पाचही जण एकच; गावच्या मुख्य रस्त्यावर आकाशात उडणारी यंत्रं आणि खाली ‘आमचं गाव भविष्यकाळात’ अशी ओळ. आपल्याकडे नाणी आणि तिकिटं जमवणारे पुष्कळ आहेत, या कार्डांकडे वळणारे थोडे. जे वळतात त्यांचा सुरुवातीला एक गोंधळ होतो.

गोंधळ असा की, फोटोच खोटा आहे, मग कार्ड खरं कसं? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की बाकीचं सगळं सोपं जातं. फोटो खोटा असणारच, ते त्याचं कामच आहे. पाठवणाऱ्याला ते ठाऊक होतं आणि ज्याला मिळालं त्यालाही. पण कार्ड ज्या काळातलं म्हणून विकलं जातंय त्याच काळातलं असलं पाहिजे. संग्राहकाला दोन्ही जागी चौकशी करावी लागते: चित्रात सांधा कुठे आहे ते शोधायचं आणि कागदाचं वय काढायचं. पहिल्यात मजा आहे, दुसऱ्यात पैसे वाचतात.

आधी पोस्टकार्ड, मग चित्र

जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीनं 1 ऑक्टोबर 1869 रोजी काढलं. भारतात ते 1879 साली आलं, किंमत पाव आणा. ही कार्डं कोरी असत. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला मजकूर. चित्राची कार्डं 1890 नंतर फोफावली आणि त्यांची खरी चलती साधारण 1900 पासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत होती. अमेरिकेच्या टपाल खात्यानं 1908 साली संपलेल्या वर्षात 66 कोटींहून जास्त पोस्टकार्डं वाहिली. त्या वेळी त्या देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आसपास होती. आज आपल्या फोनवर सकाळी सकाळी ‘शुभ प्रभात’चे जेवढे फोटो येऊन पडतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त पोस्टमन घरी आणून देई.

एक तांत्रिक बदल इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तारीख काढताना तो लागतो. सुरुवातीच्या चित्रकार्डांच्या मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहिता येई. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला, मिळेल त्या जागेत कोंबायचा. मग मागची बाजू मधोमध रेघ मारून विभागायला परवानगी मिळाली: डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. इंग्लंडात हे 1902 साली झालं, जर्मनीत 1905 साली आणि अमेरिकेत 1 मार्च 1907 पासून. चित्राची बाजू मोकळी झाली आणि तिथे काय वाटेल ते दाखवायला फोटोग्राफरला पूर्ण मैदान मिळालं.

काचेवरचा फोटो फसवायला सोपा का होता

जुना कॅमेरा म्हणजे एक काळी पेटी. पुढे भिंग, मागे काचेची पट्टी, पट्टीवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर. उजेड जिथे पडेल तिथे तो थर बदलतो आणि पुढे रसायनात घातला की काळा होतो. जिथे उजेड पडलाच नाही तिथे काहीच होत नाही. ती जागा कोरी राहते आणि तिच्यावर पुन्हा फोटो काढता येतो. काचेवर काळं-पांढरं उलटं असतं, तिच्यावरून कागदावर छाप काढला की ते सरळ होतं. जवळजवळ सगळ्या करामतींचं मूळ या एका गोष्टीत आहे.

समजा माणूस काळ्या मखमलीच्या पडद्यासमोर उभा आहे. पडदा उजेड परत फेकत नाही, म्हणून काचेवर माणूस उमटतो आणि आजूबाजूची काच कोरी राहते. आता कॅमेरा न हलवता, काच न बदलता, त्याच माणसाला दुसऱ्या जागी उभं करून पुन्हा फोटो घ्या. एका काचेवर दोन माणसं. त्याच्या डोक्यापासून खाली काळं कापड गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा, की नुसतं मुंडकं उमटलं. आधीच्या फोटोत हातातल्या रिकाम्या ताटाची जागा नीट मोजून ठेवली असेल तर मुंडकं बरोब्बर ताटात बसतं. आपल्या स्टुडिओवाल्यांच्या भाषेत हा ‘डबल रोल’.

काळा पडदा नको असेल तर भिंगासमोर अर्धी बाजू झाकणारी पट्टी लावायची. डावी बाजू झाकून उजवीकडचा फोटो, मग उजवी झाकून डावीकडचा. या पद्धतीचा सांधा पकडणं सोपं असतं. दोन फोटो मधे थोडे एकमेकांवर चढले असतील तर छापात तिथे उभा फिकट पट्टा दिसतो आणि मधे फट राहिली असेल तर गडद. भिंत किंवा पडदा सलग असेल तिथे नजर टाकावी. माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत बसलं तर काही सापडत नाही, फोटोग्राफरनं सगळी मेहनत तिथेच घेतलेली असते.

दुसरी गोष्ट रंगांची. त्या काळच्या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागे आणि लाल जवळजवळ लागतच नसे. त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ पार जळून जाई आणि छापात नुसतं पांढरं येई. ढग हवे असतील तर ढगांचा वेगळा फोटो काढून तो छापताना वर जोडावा लागे. फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रे यानं 1850 च्या दशकात समुद्राचे जे प्रसिद्ध फोटो केले, त्यांतल्या कित्येकांत समुद्र एका काचेवरचा आणि आभाळ दुसऱ्या काचेवरचं आहे. ऑस्कर रेलँडर यानं तर 1857 साली 30 हून अधिक काचा जोडून एकच मोठं चित्र तयार केलं आणि त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीनं घेतली. म्हणजे जोडाजोडी ही पोस्टकार्डवाल्यांची शोधकल्पना मुळीच नव्हती. 50 वर्षं आधीपासून ती प्रतिष्ठित लोकांच्या हाती होती. पोस्टकार्डवाल्यांनी तिची प्रतिष्ठा काढून घेतली आणि तिला हसायला लावलं, हे माझ्या मते त्यांचं मोठं काम.

पांढरं आभाळ विनोदालाही कामी आलं. ‘भविष्यातलं आमचं गाव’ या कार्डांत मुख्य रस्त्याचा साधा फोटो असे आणि वरच्या कोऱ्या आभाळात हवाई जहाजं, फुगे, तारेवरची गाडी चिकटवलेली. प्रकाशकाकडे उडणाऱ्या यंत्रांचा एकच संच असला तरी चाले, खाली गाव बदललं की कार्ड नवं. दोन वेगळ्या गावांच्या कार्डांवर तेच विमान त्याच कोनात दिसलं तर चकित होऊ नये.

आरशाची करामत मात्र वेगळी आहे. तिच्यात जोडकाम अजिबात नसतं, फोटो एकदाच काढलेला असतो. दोन उंच आरसे एकमेकांना 72 अंशांच्या कोनात उभे करायचे आणि माणसाला कॅमेऱ्याकडे पाठ करून आरशांच्या जोडाकडे तोंड करून बसवायचं. पूर्ण वर्तुळ 360 अंशांचं, त्याला 72 नं भागलं की 5 येतात: एक खरा माणूस आणि चार प्रतिबिंबं. टेबलाभोवती बैठक बसल्यासारखं दिसतं. जत्रांतल्या आणि समुद्रकाठच्या स्टुडिओंत हे फोटो खूप निघत. ओळखायची खूण साधी: पाचातल्या एकाची पाठ तुमच्याकडे असतेच, तो खरा. उरलेल्या चौघांपैकी दोघांचा भांग उलट्या बाजूला असतो, कारण ती एकदा परावर्तित झालेली प्रतिबिंबं. दोघांचा सरळ असतो, कारण ती दोनदा परावर्तित झालेली. घरी कपाटाच्या आरशाला दुसरा आरसा टेकवून करून बघा, पोरांना भूमितीचा तास वेगळा घ्यावा लागणार नाही.

कातर, डिंक आणि कॅन्सस

आता पुन्हा कणसांकडे. हा सगळ्यांत लोकप्रिय प्रकार आणि मला सगळ्यांत जवळचा. याचा उस्ताद विल्यम एच. मार्टिन, कॅन्सस राज्यातल्या ओटावा या छोट्या गावातला स्टुडिओवाला. साधारण 1908 पासून त्यानं हे सुरू केलं, 1909 साली स्वतःची पोस्टकार्ड कंपनी काढली आणि थोड्याच वर्षांत ती विकूनही टाकली. विस्कॉन्सिनमधल्या वॉपन गावचा अल्फ्रेड स्टॅनली जॉन्सन याच वाटेनं गेला. सॅन फ्रान्सिस्कोचा प्रकाशक एडवर्ड मिचेल यानं रेल्वेच्या उघड्या डब्यावर मावतील न मावतील अशी अजस्र फळं छापली.

कृती अशी. गाडी, घोडे, माणसं यांचा फोटो लांबून काढायचा. कणसाचा फोटो अगदी जवळून काढायचा आणि मोठा छापायचा. मग कणीस धारदार पात्यानं कापून घ्यायचं. त्याच्या कडा मागून घासून पातळ करायच्या, म्हणजे चिकटवल्यावर कडेची सावली पडत नाही. पहिल्या फोटोवर ते चिकटवायचं. कणसाचा थोडा भाग माणसाच्या हातामागे किंवा गाडीच्या फळीमागे जाईल अशी कापाकापी करायची, कारण एक वस्तू दुसरीला झाकते तेव्हाच डोळ्याला दोन्ही एकाच जागी आहेत असं वाटतं. बारीक कुंचल्यानं सावल्या रंगवायच्या. आणि शेवटी या सगळ्या चिकटकामाचा नव्यानं फोटो काढायचा. ही शेवटची पायरी महत्त्वाची. नव्या काचेवर कागद एक होतो, डिंक नाहीसा होतो आणि त्या काचेवरून पाहिजे तेवढी कार्डं छापता येतात.

सांधा तरीही राहतो. भिंगातून बघताना मी या क्रमानं जातो. आधी सावल्या: घोड्याची सावली डावीकडे आणि कणसाची उजवीकडे असेल तर झालंच. मग जमिनीला टेकलेली जागा: एवढं जड फळ मातीत थोडं तरी रुतायला हवं, गवत दबायला हवं. मग तपशील: जवळून काढलेल्या वस्तूवर दाणा न् दाणा दिसतो आणि शेजारच्या माणसाचा चेहरा मऊ, धूसर असतो. शेवटी कडा, तिथे कुंचल्याचे फटकारे सापडतात. मार्टिनची चांगली कार्डं या परीक्षेतही बरीच टिकतात. त्याची माणसं नुसती उभी नसतात. ती करवत चालवतात, ओझ्यानं वाकतात. आधी माणसांकडून अभिनय करून घेतलेला आणि मग त्यात वस्तू बसवलेली, हे लक्षात येतं.

पण हे सगळं कॅन्ससमध्येच का जन्मलं? तो प्रदेश कोरडवाहू. 1862 च्या कायद्यानं वस्ती करणाऱ्याला 160 एकर जमीन मिळत होती आणि रेल्वे कंपन्या, जमिनीचे दलाल ‘सोनं पिकतं सोनं’ अशा जाहिराती करत होते. नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, असं शिकलेली माणसंसुद्धा सांगत. प्रत्यक्षात 1874 साली टोळधाडीनं उभी पिकं खाल्ली आणि 1890 च्या दशकात दुष्काळानं कितीतरी कुटुंबं माघारी गेली. जे तगून राहिले त्यांनी त्याच जाहिराती विनोदासाठी वापरल्या. तुम्ही म्हणालात भरघोस पीक येईल, हे घ्या, गाडीत दोनच कणसं मावतात.

मराठवाड्यातल्या वाचकाला हा विनोद समजावून सांगायची गरज नाही. हुरड्याला वावरात बसल्यावर आज्याच्या काळातल्या कणसाची लांबी दर फेरीला वीतभर वाढते आणि ती ऐकणाऱ्यानं 1972 चा दुष्काळ बघितलेला असतो किंवा 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेलं असतं. थाप मारणाऱ्याला वाटत नाही की कुणी विश्वास ठेवील. ऐकणाराही ‘मग, त्याचा पाला किती टन निघाला?’ असं विचारून थाप पुढे नेतो. कॅन्ससच्या कार्डांमागचे मजकूर वाचले तर पाठवणारे नेमकं हेच करताना दिसतात.

1935 च्या सुमारास कॅन्ससच्याच गार्डन सिटीत फ्रँक कोनार्ड यानं टोळांची धाड बघून राक्षसी टोळांची कार्डं काढायला सुरुवात केली. बंदूक घेतलेले शिकारी आणि पुढ्यात माणसाएवढा मेलेला टोळ. धुळीच्या वादळांचे आणि दुष्काळाचे दिवस होते ते. कार्डं धडाधड खपली.

या थापेच्या शेजारीच खरी फसवणूकही नांदत होती आणि संग्राहकानं दोन्ही वेगळ्या ओळखाव्यात. बॉस्टनचा विल्यम ममलर 1860 च्या दशकात मेलेल्या नातेवाइकांचे ‘आत्मे’ फोटोत आणून देई आणि त्याचे पैसे घेई. तंत्र तेच, एका काचेवर दोनदा फोटो. 1869 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला झाला, सर्कशीवाला बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला, तरी पुरावा अपुरा ठरून ममलर सुटला. पुढे लिंकनच्या विधवेनंही त्याच्याकडून फोटो काढून घेतला. तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे धूसर लिंकन उभे आहेत. इंग्लंडमध्ये 1917 साली दोन मुलींनी कागदाच्या पऱ्या कापून, टाचणीनं उभ्या करून फोटो काढले आणि शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल त्यावर विश्वास ठेवून बसला. दोघींनी 1983 साली कबुली दिली. तंत्रात यांतलं काहीच मार्टिनपेक्षा अवघड नव्हतं. फरक एवढाच की इथे समोरच्याला सांगितलं गेलं नव्हतं.

कार्ड खरं का खोटं

सगळ्यात आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. चित्रात ओळीनं मांडलेले बारीक ठिपके दिसले, तर ते वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं छापखान्यात छापलेलं कार्ड. ठिपक्यांऐवजी भेगाळलेल्या काळ्या रानासारखी वेडीवाकडी बारीक जाळी दिसली, तर ते कोलोटाईप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई. जुन्या जर्मन आणि इंग्रजी कार्डांत ती फार आढळते. काहीच दिसलं नाही, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग सलग उतरत गेला, तर ते खऱ्या फोटो-कागदावरचं कार्ड. अशी कार्डं कमी संख्येनं निघत, म्हणून ती महाग. मार्टिनची मूळ कार्डं या प्रकारची आहेत. मिचेलची बरीच कार्डं छापलेली आणि तुलनेनं सहज मिळणारी. नवख्यानं मिचेलपासून सुरुवात करावी, असं मी सांगेन.

खऱ्या फोटो-कार्डाची पाठ बोलकी असते. तिकीट लावायच्या चौकोनात फोटो-कागदाच्या कंपनीचं नाव असे. अमेरिकन कार्डांवर ‘अझो’ हे नाव फार दिसतं. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण 1904 ते 1918 मधला. दोन वर, दोन खाली असतील तर 1918 ते 1930 मधला. कॅन्ससची ‘1909 ची’ कणसं दोन वर-दोन खाली त्रिकोणांवर विकायला आली, तर ती नंतरची प्रत समजायची आणि भाव तसा करायचा.

ब्रिटिश किंवा हिंदुस्थानी तिकीट असेल तर राजाचा चेहरा बघा. सातवा एडवर्ड 1901 ते 1910, पाचवा जॉर्ज 1910 ते 1936. टपालाचा शिक्का तारीख सांगतोच, फक्त तिकीट आणि शिक्का एकमेकांशी जुळतात का ते बघा. शिक्क्याची शाई तिकिटावरून कार्डावर सलग उतरली पाहिजे. तिकीट नंतर चिकटवलं असेल तर शिक्का कडेशी तुटतो.

आणखी दोन तपासण्या. कार्ड तिरपं धरून उजेडात बघा. जुन्या फोटो-कागदाच्या गडद भागांवर, विशेषतः कडेला, निळसर चांदीसारखी झाक येते. थरातली चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते म्हणून असं होतं आणि ती झाक नकली आणणं कठीण असतं. दुसरी तपासणी मोंढ्यातल्या कुठल्याही आडत दुकानात होते. नोटा तपासायची ती निळी-जांभळी बत्ती असते ना, तिच्याखाली कार्ड अंधारात धरा. साधारण 1950 नंतरच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात, तो कागद निळसर पांढरा चमकतो. जुना कागद मळकटच राहतो. यातही एक अपवाद: कुणी साबणाच्या पाण्यानं कार्ड पुसलं असेल तर जुना कागदही ठिकठिकाणी चमकू शकतो. म्हणून एकाच परीक्षेवर निकाल देऊ नये. पिवळेपणावर तर कधीच देऊ नये, चहाच्या पाण्यात बुडवून कागद कुणालाही पिवळा करता येतो.

आपल्या भागात ती आली कुठून

1948 च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं. त्याची तिकिटं 1869 पासून निघाली आणि 1950 साली बंद झाली. ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. म्हणून परदेशी कार्डावर निजामाचं तिकीट लावून कुणी ‘औरंगाबादहून लंडनला गेलेलं’ म्हणून विकत असेल, तर खिशातला हात खिशातच राहू द्या.

मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास झाली. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही ठाणी जोडली गेली. औरंगाबादेत छावणी होती, जालन्यात स्कॉटिश मिशनचं काम होतं. अशा ठिकाणच्या माणसांना विलायतेतून कार्डं येत असणार आणि ती इथल्या जुन्या ट्रंकांत राहिली असणार. संभाजीनगरचा रविवारचा जाफरगेटचा बाजार, हैदराबादचा आबिड्सचा रविवारचा पुस्तक बाजार, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार ही शोधायची ठिकाणं. पण खरं सांगायचं तर अमेरिकन ट्रिक कार्डं आज बहुतेक ऑनलाइनच घ्यावी लागतात. घेताना मागच्या बाजूचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. आणि उलट दिशेचं एक पथ्य: शंभर वर्षांपुढच्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर 1972 च्या पुरावस्तू कायद्याचं बंधन आहे, तेव्हा जुनं काही परदेशी विकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

सांभाळायचं कसं, हे थोडक्यात. आपल्याकडे मे महिन्यात ऊन आणि जुलैत ओल, दोन्ही कागदाचे वैरी, आणि वर्षभर कसर. कार्ड भिंतीवर लावू नका. लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल यांतलं काहीही लावू नका. वास येणारे मऊ प्लास्टिकचे कप्पे कागदावर चिकट थर सोडतात, म्हणून पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक कप्पे घ्या. लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवा. डांबरगोळ्या थेट कार्डांत घालू नका. टिपण लिहायचं असेल तर कप्प्यासोबतच्या वेगळ्या चिठ्ठीवर, तेही पेन्सिलीनं.

आपलीही एक पेटी आहे

ही करामत आपल्याकडे पोस्टकार्डांतून फारशी आली नाही, पण आली. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात यात्रेकरूंचे फोटोतले चेहरे चिकटवून, कपडे रंगवून, सगळं कुटुंब देवापुढे हात जोडून उभं करत. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलं, जादूचे प्रयोग केले. चित्रपटाकडे ते ही सगळी शिदोरी घेऊनच आले. त्यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या होत्या.

आणि आपल्या घरातले लग्नाचे अल्बम? 1980 च्या दशकातला कुठलाही काढा. नवरीच्या तळहातावर उभा नवरदेव, गुलाबाच्या फुलात नवरीचा चेहरा, बदामात दोघं, नवरदेव हनुवटीला हात लावून विचारात आणि वर कोपऱ्यात धूसर नवरी. तेच काळं कापड, भिंगापुढे तीच कापलेली पट्टी, तीच एक फ्रेम दोनदा. फोटोग्राफर त्याला मिक्सिंग म्हणत. माळेगावच्या जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे विमानात बसून काढलेले फोटो, लवकर गेलेल्या वडिलांचा चेहरा जोडून आईशेजारी बसवलेले फोटो, हेही त्याच घराण्यातले. यांना कुणी जमवत नाही. कॅन्ससच्या एका कणसासाठी चार पैसे मोजताना हे फुकटात भंगारात जातंय, याची मला जास्त रुखरुख लागते.

गावातला जुना स्टुडिओ बंद होतोय असं कळलं तर जाऊन विचारा. निगेटिव्हबरोबर त्या पट्ट्याही मागा: बदामाच्या, फुलाच्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या, पत्र्याच्या किंवा काळ्या कागदाच्या. बहुधा त्या टेबलाच्या खालच्या खणात पडलेल्या असतात आणि मालकालाही आठवत नसतात. फोटोतल्या कुटुंबाची परवानगी असल्याशिवाय फोटो कुठे टाकू नका. पट्ट्यांना मात्र कुणाची परवानगी लागत नाही, आणि कुठली पट्टी कुठल्या फोटोला वापरली हे सांगणारा फोटोग्राफर अजून असेल तर तेवढं आधी लिहून घ्या.